धर्माला पाप आणि अपराधभाव लागतोच का? हा प्रश्न तपासण्याची एक पद्धत

पापाची कल्पना काढून टाकली तर धर्मात काय उरेल, हा प्रश्न बहुधा भांडणाच्या सुरात विचारला जातो. एका बाजूचे म्हणणे असे की पापाची भीती गेली की माणसाला धरबंध राहणार नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की अपराधभाव हा माणसांना दबवून ठेवण्यासाठी धर्मसत्तेने वापरलेला उपाय आहे आणि तो टाकल्याशिवाय धर्म स्वच्छ होणार नाही. दोन्ही बाजूंना पुरावे सहज सापडतात, म्हणूनच वाद संपत नाही. ज्याला स्वतःच्या परंपरेकडे, किंवा जी ठेवावी की सोडावी असा विचार मनात चालू आहे अशा परंपरेकडे, नीट पाहायचे आहे त्याने कोणत्या क्रमाने काय पाहावे एवढेच येथे सांगितले आहे. हे काम एकट्याने करता येते. पण चार-सहा जणांनी मिळून, शक्यतो वेगवेगळ्या धर्मांत वाढलेल्यांनी, केले तर अधिक बरे, कारण आपल्या घरातल्या धर्माच्या बाबतीत प्रत्येकाचा एक डोळा मिटलेला असतो.

माझे मत आधीच सांगून ठेवतो. चुकीची दखल घेणारी आणि चुकलेल्याला परत आणणारी काही ना काही व्यवस्था बहुतेक धर्मांना लागते. सतत अपराधी वाटत राहणे मात्र धर्माला लागत नाही. एखादी पापकल्पना ठेवण्याजोगी आहे की नाही हे तिच्यातल्या परतीच्या वाटेवरून ठरवावे, आणि त्या वाटेवर ज्याचे नुकसान झाले तो माणूस भेटतो की नाही हे पाहावे. वाचकाने हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे असे नाही, परंतु पुढची पद्धत या मताकडे झुकलेली आहे हे त्याला ठाऊक असावे.

आधी प्रश्नाचे तुकडे करा

एक कागद घ्यावा आणि त्यावर चार रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात कृती: जाणूनबुजून केलेले, करायला नको होते असे काही. दुसऱ्यात विटाळ: हेतू असो वा नसो, स्पर्शाने, मृत्यूने, रक्ताने किंवा दैवयोगाने लागलेला आणि विधीने धुऊन निघणारा दोष. तिसऱ्यात स्थिती: माणूस म्हणून जन्मल्यामुळेच अंगी असलेली सदोषता, मग त्याने काही केलेले असो वा नसो. चौथ्यात भावना: चुकल्याची टोचणी, लाज, भीती, स्वतःविषयीचा तिरस्कार. आपल्या परंपरेत ‘पाप’ म्हणून जे जे सांगितले जाते ते यांपैकी कोणत्या रकान्यात बसते ते लिहीत जावे. एकच गोष्ट दोन रकान्यांत बसली तर ती दोन्हींकडे लिहावी.

हे वाटते तितके सोपे नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील शहाऐंशीव्या सूक्तात वसिष्ठ वरुणाला विचारतो की माझा असा कोणता मोठा अपराध झाला, ज्यासाठी तू आपल्याच स्तुती करणाऱ्या मित्राला मारू पाहतोस. मग तो म्हणतो की ती माझी स्वतःची इच्छा नव्हती, मद्य, क्रोध, फासे आणि अविचार यांनी ते घडवले. आणि त्याच सूक्तात तो आम्ही स्वतः केलेल्या दोषांतून तसेच वाडवडिलांच्या दोषांतूनही सोडव अशी याचना करतो. कृती, हतबलता, वारसा आणि मनाची तगमग असे सारे काही थोड्या ऋचांत एकत्र आले आहे. ज्याला वाटते की जुन्या लोकांची पापकल्पना सरळसोट होती, त्याने या सूक्ताने सुरुवात करावी.

दुसरा रकाना ओळखण्यासाठी जपानमधील शिंतो परंपरेचे उदाहरण उपयोगी आहे. तेथे वर्षातून दोनदा, ३० जून आणि ३१ डिसेंबरला, महाशुद्धीचा विधी होतो. या विधीची दहाव्या शतकात नोंदली गेलेली जी प्रार्थना आहे, तिच्यात घालवायच्या दोषांची यादी येते. माणसांच्या दुष्कृत्यांबरोबर त्वचेचे काही विकार आणि किड्यांपासून किंवा पक्ष्यांपासून झालेली हानीही त्यात धरली आहे. ज्याच्यावर असे संकट आले त्याने पश्चात्ताप करावा अशी अपेक्षा नाही. त्याला शुद्ध व्हायचे आहे. येथे दोष आहे, पण अपराधभाव जवळपास नाही.

तिसऱ्या रकान्याबद्दल सर्वाधिक घोटाळा होतो. देवाची आज्ञा मोडणारा पहिला माणूस आदम याच्या अवज्ञेचा दोष प्रत्येक मूल जन्मतःच घेऊन येते ही शिकवण ज्या रूपात आज ओळखली जाते, ते रूप तिला मुख्यतः ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीनने (३५४–४३०) दिले. त्याच काळातील दुसरा ख्रिस्ती उपदेशक पेलाजियस याने माणसाच्या इच्छाशक्तीवर अधिक भरवसा ठेवला होता. त्याच्या अनुयायांची मते ४१८ साली कार्थेज येथील धर्मसभेने अमान्य ठरवली. परंतु ही पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्माची वाट झाली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा आदमकडून मर्त्यता आणि चुकण्याकडे ओढा हे दोन्ही आले असे मानते, त्याचा व्यक्तिगत अपराध वारशाने येतो असे मानत नाही. इस्लाममध्ये आदमने क्षमा मागितली आणि ती त्याला मिळाली, तेथेच ते प्रकरण संपले. कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही असे कुराण स्पष्ट सांगते. तेव्हा जन्मजात पापावर टीका करून ‘धर्मातील पाप’ या विषयाचा निकाल लावला असे ज्यांना वाटते, त्यांनी एका धर्माच्या एका शाखेचा निकाल लावलेला असतो.

घोषणा बाजूला ठेवून आचार पाहा

कागद भरल्यावर साहजिकच असे वाटते की आता पापाशिवायचा एखादा धर्म शोधावा आणि प्रश्न मिटवावा. शोध जरूर घ्यावा, पण धर्म स्वतःविषयी काय सांगतो त्यापेक्षा त्याचे लोक प्रत्यक्ष काय करतात ते पाहावे.

अपराधभावाशिवाय धर्म चालू शकतो याचे मला सर्वांत भक्कम वाटणारे उदाहरण प्राचीन रोमचे आहे. तेथील राजमान्य उपासनेत भर होता तो विधी बिनचूक पार पडण्यावर. मंत्रात चूक झाली किंवा मध्येच अडथळा आला तर शांतीसाठी बळी द्यावा आणि विधी पुन्हा पहिल्यापासून करावा, अशी रीत होती. करणाऱ्याच्या अंतःकरणात काय चालले आहे हा देवांच्या आस्थेचा मुख्य विषय नव्हता. कसे जगावे हे सांगण्याचे काम बऱ्याच अंशी कायदा, कुळाची रीत आणि तत्त्वज्ञ यांच्याकडे होते. असा धर्म कित्येक शतके टिकला, म्हणजे अपराधभाव हा धर्माचा अनिवार्य भाग आहे हे विधान येथेच पडते. मात्र यातून दुसरीही गोष्ट दिसते: ज्या धर्माने चुकीची जबाबदारी अंगावर घेतली नाही, त्याच्या शेजारी ती घेणारे दुसरे कोणीतरी उभे असावे लागले.

बौद्ध परंपरेत ज्याच्याविरुद्ध अपराध घडावा असा निर्माता ईश्वर नाही. कर्म कुशल असते किंवा अकुशल असते, आणि त्याचे वजन हेतूवर ठरते. म्हणून हा पापरहित धर्म आहे असे पुष्कळदा सांगितले जाते. पण भिक्षूंचा पंधरवडी उपोसथ, म्हणजे दर पंधरा दिवसांनी होणारी त्यांची सभा, पाहा. नियमांचे पठण होते, आणि ज्याच्याकडून नियम मोडला असेल त्याने तसे कबूल करायचे असते. रागावलेला देव नसतानाही कबुली आहे, दर्जानुसार लावलेले दोष आहेत, आणि सर्वांत गंभीर दोषासाठी संघातून कायमचे जाणेही आहे.

घोषणा आणि आचार यांतले अंतर आणखी एका प्रसंगात दिसते. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत विवेकानंदांनी माणसाला पापी म्हणणे हेच पाप आहे असे सांगितले. तिसऱ्या रकान्यावरचा तो नेमका आघात होता आणि श्रोत्यांपैकी अनेकांना तो मुक्त करणारा वाटला असेल. तरीही ज्या परंपरेच्या वतीने ते बोलत होते तिच्या धर्मशास्त्रांत महापातके, उपपातके आणि त्यांवरची प्रायश्चित्ते यांची दीर्घ प्रकरणे आहेत. एका परंपरेचे तत्त्वज्ञान माणसाला मुळात शुद्ध म्हणते आणि तिचेच आचारशास्त्र त्याच्या चुकांची तपशीलवार वर्गवारी करते, यात लबाडी नाही. पण दोन्ही कागदावर यायला हवे.

परतीची वाट शोधा

हे या पद्धतीतले मुख्य काम आहे आणि येथे घाई करू नये. आपल्या परंपरेतील एक साधे, रोज घडणारे दुष्कृत्य निवडावे. खून किंवा देवद्रोह यांसारखे टोकाचे नको. एखाद्याची खोटी बदनामी केली, किंवा घेतलेले पैसे बुडवले, असे काही चालेल. मग त्या माणसाला तुमचा धर्म कोणत्या पायऱ्यांनी परत आणतो ते शोधावे. चूक झाली हे कोण ठरवते? कबुली कोणापुढे द्यायची? ज्याचे नुकसान झाले त्याला काय मिळते? आणि हे सगळे केव्हा संपते?

शेवटचे दोन प्रश्न निर्णायक आहेत. ज्यू परंपरेत योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस, पण मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहाने त्याला एक मर्यादा घातली आहे. माणूस आणि देव यांच्यातील अपराध त्या दिवशी मिटतात. माणूस आणि माणूस यांच्यातील अपराध, ज्याला दुखावले त्याचे समाधान केल्याशिवाय, मिटत नाहीत. तेथेच असेही म्हटले आहे की ‘पाप करीन आणि मग पश्चात्ताप करीन’ असा बेत करणाऱ्याला पश्चात्तापाची संधी दिली जात नाही. इस्लाममध्ये तौबेच्या, म्हणजे पश्चात्तापाच्या, अटी सांगताना तेराव्या शतकातील इमाम नववी यांनी तीन गोष्टी मोजल्या: ते कृत्य थांबवणे, त्याबद्दल खेद वाटणे आणि पुन्हा तिकडे न जाण्याचा निश्चय करणे, आणि दुसऱ्या माणसाचा हक्क बुडाला असेल तर चौथी, तो हक्क परत करणे. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन गेल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. या तिन्ही ठिकाणी देवाकडे जाणारा रस्ता दुखावलेल्या माणसाच्या दारावरून जातो. अशी पापकल्पना धर्मातून काढली तर ज्याचे नुकसान झाले त्याचाच आधार जाईल, असे माझे मत आहे.

आता याच्या उलट काय घडते ते पाहावे. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने समज आलेल्या प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून निदान एकदा आपल्या धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यावी असा नियम केला. त्याच नियमात धर्मगुरूने कुशल वैद्याप्रमाणे वागावे असे म्हटले आहे, आणि कबुली फोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून कडक शिस्तीच्या मठात पाठवण्याची शिक्षाही आहे, म्हणजे नियम करणाऱ्यांना माणसाच्या नाजूकपणाची जाण होती. परंतु पुढे पापक्षमापत्रांचा व्यवहार वाढला. तत्त्वतः त्या पत्रांनी पाप माफ होत नव्हते. कबुलीनंतर उरलेली ऐहिक शिक्षा तेवढी कमी होत होती. व्यवहारात मात्र ती क्षमेची खरेदी म्हणून विकली आणि घेतली गेली, रोममधील सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला त्यातून पैसा गेला, आणि १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने आपले ९५ मुद्दे मांडले ते याच व्यवहाराविरुद्ध. कागदावरच्या चार प्रश्नांना त्या व्यवहाराची उत्तरे लिहून पाहावीत: ज्याचे नुकसान झाले त्याचे नाव कोठेच येत नाही.

शेवटाबद्दल बौद्ध ग्रंथांतील अजातशत्रूची कथा फार सूक्ष्म आहे. बापाला, बिंबिसाराला, मारून गादीवर आलेला हा राजा बुद्धापुढे आपला अपराध कबूल करतो. बुद्ध ती कबुली स्वीकारतो आणि म्हणतो की अपराधाला अपराध म्हणून पाहणे, त्याचा योग्य प्रतिकार करणे आणि पुढे संयम बाळगणे यातच वाढ आहे. राजा निघून गेल्यावर मात्र तो भिक्षूंना सांगतो की या माणसाने स्वतःचे फार नुकसान करून घेतले आहे. त्याने बापाला मारले नसते तर याच आसनावर त्याला धम्माची दृष्टी मिळाली असती. कबुली स्वीकारली गेली, फळ टळले नाही. क्षमा आणि परिणाम या दोन गोष्टी आपली परंपरा वेगळ्या ठेवते की एकत्र करते, हे या निमित्ताने तपासावे. ज्या परंपरा त्यांना एकत्र करतात त्यांत क्षमा झाली म्हणून शिक्षा नको असा युक्तिवाद सहज होतो, आणि तो बहुधा बलवान माणसाच्याच कामी येतो.

जैन परंपरेतील प्रतिक्रमण, म्हणजे झालेले दोष आठवून त्यांतून मागे फिरण्याचा विधी, आणि संवत्सरीला मागितली जाणारी क्षमा यांचा उल्लेख केल्याशिवाय हा भाग पुरा होणार नाही. सर्व जीवांची क्षमा मागणे ही उदात्त कल्पना आहे. मात्र कोणत्याही परंपरेत, सगळ्यांची एकदम मागितलेली क्षमा ही त्या एका माणसाची मागायची राहून गेलेली क्षमा झाकू शकते. आपण केवळ सर्वांना उद्देशून बोलतो आहोत, की कोणा एकाच्या समोर जाऊन उभे राहतो आहोत, हे ज्याचे त्याने पाहावे.

टोचणी आणि मंत्रचळ

चौथ्या रकान्याकडे, म्हणजे भावनेकडे, आता यावे. येथे प्रश्न असा विचारावा: ही भावना मला काही करायला लावते आहे का? जून टँगनी यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासांत एक भेद वारंवार आढळला आहे. ‘मी वाईट केले’ ही टोचणी सहानुभूतीशी आणि भरपाई करण्याच्या ओढीशी जोडलेली दिसते, तर ‘मीच वाईट आहे’ ही लाज लपण्याशी, रागाशी आणि दोष दुसऱ्यावर ढकलण्याशी जोडलेली दिसते. म्हणजे माणसाला जितके अधिक तुच्छ वाटायला लावावे तितका तो अधिक सदाचारी होईल, ही धर्मोपदेशकांची जुनी अटकळ बरीचशी उलटी आहे.

पाली ग्रंथांत हा भेद फार पूर्वी केलेला आहे. दुष्कृत्याची लाज आणि दुष्कृत्याच्या परिणामांचे भय, म्हणजे हिरी आणि ओत्तप्प, यांना जगाचे रक्षण करणारे दोन धर्म म्हटले आहे. परंतु झालेल्या गोष्टीबद्दल मन खात राहणे, म्हणजे कुक्कुच्च, याची गणना ध्यानाच्या पाच अडथळ्यांत, आळस आणि द्वेष यांच्याच रांगेत, केलेली आहे. कृतीआधी सावध करणारी जाणीव हवी, कृतीनंतर घोळत राहणारी खंत नको, अशी ही विभागणी आहे. आपल्या परंपरेत ती अशा स्पष्ट शब्दांत नसली तरी बहुधा कोठेतरी सापडतेच, आणि सापडली तर ती उपदेशात पुढे आणावी.

काही वेळा प्रश्न धर्माचा राहतच नाही. पाप धुतले गेले की नाही या शंकेने तोच विधी पुनःपुन्हा करणे, प्रार्थनेत एक शब्द चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करणे, मनात आलेल्या नकोशा विचारालाच पाप समजून दिवसभर त्याची क्षमा मागत बसणे, ही मंत्रचळाची लक्षणे असू शकतात. पुढे जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या इग्नेशियस लोयोला याने स्वतःचा असा काळ सांगून ठेवला आहे. १५२२ च्या सुमारास स्पेनमधील मानरेसा येथे, सगळी पापे काळजीपूर्वक लिहून कबूल केल्यावरही काहीतरी राहिले अशी शंका त्याला छळत असे, आणि जीव देण्याचे विचारही मनात येत. अगदी स्पष्ट असेल त्याखेरीज जुने काही पुन्हा कबूल करू नकोस, असे त्याला सांगण्यात आले. पण त्याला तर सगळेच स्पष्ट वाटत होते, म्हणून त्या आज्ञेचा उपयोग झाला नाही. जुन्या पापांची कबुली आता द्यायचीच नाही असे त्याने ठरवले तेव्हा तो त्यातून सुटला.

या उदाहरणातून घ्यायची व्यावहारिक गोष्ट अशी की अशा माणसाला ‘देव तुला नक्की क्षमा करील’ असा दिलासा वारंवार देऊन त्याचे भले होत नाही, कारण दिलासा मागणे हाच त्या चक्राचा एक भाग असतो. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. यावर वर्तनोपचार आणि औषधे दोन्ही उपलब्ध आहेत. ज्या धर्मगुरूवर किंवा वडीलधाऱ्यावर त्याचा विश्वास आहे त्यानेही एकच कबुली दुसऱ्यांदा ऐकण्यास सौम्यपणे नकार द्यावा. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले तर पापपुण्याची चर्चा तेथेच थांबवावी, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळवावी.

माप कोणाच्या हाती आहे

जे दुःख भोगतात त्यांनाच पापी ठरवण्याची सवय अनेक धर्मांत आहे, आणि त्याच धर्मांत तिला विरोधही आहे. बायबलमध्ये ईयोब या सज्जन माणसावर संकटे कोसळतात, त्या कथेत मित्र येऊन त्याला समजावतात की एवढे भोग आले म्हणजे काही पाप असणारच. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप याचे की याच्या आईबापांचे, आणि येशू दोन्ही नाकारतो. पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दारिद्र्य स्पष्ट करण्याबद्दल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेप याहून कठोर आहे: गरीब आणि हीन ठरवलेल्या लोकांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने टाळावी, याखेरीज त्या सिद्धान्ताचा दुसरा हेतू दिसत नाही, असे त्यांनी म्हटले. आपल्या कागदावर पापाचा आरोप सोसणाऱ्यावर होतो आहे की करणाऱ्यावर, हे तपासावे. सोसणाऱ्यावर होत असेल तेथे ती पापकल्पना टाकून द्यावी. तिला सुधारून घेण्यासारखे काही मला दिसत नाही. दुसऱ्या रकान्यातला विटाळ जेव्हा काही माणसांना जन्मभर चिकटवला जातो, तेव्हा त्यालाही हेच लागू आहे.

परंतु सरसकट सगळे टाकून देण्याआधी बायबलमधील दावीद राजाची गोष्ट आठवावी. आपलाच सैनिक उरिया याची बायको राजाने घेतली आणि उरियाला युद्धात मरणाच्या तोंडी दिले. राजाला जाब विचारील असे न्यायालय नव्हते. नाथान संदेष्टा आला, त्याने गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावणाऱ्या श्रीमंताची कथा सांगितली, आणि राजा त्या श्रीमंतावर संतापल्यावर म्हणाला की तो माणूस तूच आहेस. राजालाही ज्याच्यापुढे मान खाली घालावी लागते असे माप त्या समाजात नसते, तर नाथानकडे बोलायला काही उरले नसते.

काढून पाहा

आता मूळ प्रश्नाची परीक्षा करता येते. आपल्या परंपरेतील एक प्रार्थना, एक विधी आणि एक मुख्य सिद्धान्त घ्यावा, आणि त्यांतून एकेका रकान्यातली पापकल्पना वगळून काय मोडते ते पाहावे. पाश्चात्त्य ख्रिस्ती मांडणीतून तिसरा रकाना काढला तर तारणाची सगळी रचना नव्याने मांडावी लागते. इस्लाममधून काढायला तो नाहीच, पण पहिला काढला तर अंतिम न्याय आणि दया दोन्ही निराधार होतात. अद्वैतात बंधनाचे मूळ अविद्या आहे, म्हणून वरवर पाहता काहीच मोडत नाही. तरी कठोपनिषद बजावते की जो दुराचरणापासून परावृत्त झाला नाही, ज्याचे मन शांत नाही, त्याला केवळ प्रज्ञेने आत्मा लाभत नाही. भक्तीच्या पदांबाबत थोडे सावध राहावे. स्वतःला पतित म्हणणारा भक्त त्याच श्वासात देवाला पतितपावन म्हणत असतो, आणि ही जवळिकीची, हक्काने मागण्याची भाषा आहे. तिला जन्मजात पापाचा सिद्धान्त समजून वाचले तर पदही कळत नाही आणि सिद्धान्तही.

बहुतेकांना असे आढळेल की पहिला रकाना काढता येत नाही, तिसरा बऱ्याच ठिकाणी मुळात नव्हताच, दुसरा काढण्याने फार थोडे जाते, आणि चौथ्यातील टोचणी ठेवून तिरस्कार वगळता येतो. उत्तर वेगळे आले तर तेही ठेवावे. फक्त कोणता रकाना काढल्याने नेमके काय मोडले ते शब्दांत लिहिलेले असावे.

एक अवघड प्रकरण मात्र उरते, आणि मी वर सांगितलेल्या कसोटीला ते थेट भिडते: ज्याला दुखावले तो क्षमा करायला तयार नसेल, किंवा जिवंतच नसेल, तर परतीची वाट बंद होते काय? बाराव्या शतकातील ज्यू विचारवंत मैमोनिडीस याने पश्चात्तापाचे नियम लिहिताना याची तरतूद केली आहे. दुखावलेला माणूस नकार देत असेल तर तीन सोबत्यांना घेऊन जावे, पुन्हा नकार आला तर दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा जावे. त्यानंतर मागणाऱ्याने थांबावे. माणूस मेला असेल तर दहा जणांना त्याच्या थडग्यापाशी न्यावे आणि मी या माणसाचा अमुक अमुक अपराध केला असे त्यांच्यासमोर, कृत्याचे नाव घेऊन, सांगावे. पैसे देणे असेल तर ते वारसांना द्यावेत, आणि वारस माहीत नसतील तर रक्कम न्यायालयात जमा करून तेथे कबुली द्यावी.